शस्त्रक्रिया शहरांत, शुश्रूषा खेड्यांत

रोप वाफ्यांत कितीहि जोमदार वाढलें, तरी लावणीनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत त्याची निगा राहिली नाहीं तर वाफ्यांतील सारी मेहनत फुकट जाते, हें कोणाहि बागाईतदारास सांगण्याचें कारण नाहीं. परंतु हाच न्याय आपण माणसाच्या देहास लावीत नाहीं. घरांतील कर्त्या माणसाचें ऑपरेशन ठरलें, कीं सर्जन कोण, रुग्णालय कोणतें आणि खर्च किती, या तीन प्रश्नांतच सारें घर गुंतून जातें. ऑपरेशनच्या आधींचे दिवस व नंतरचा महिना रोगी कोणाच्या हवालीं राहणार, हा चवथा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. आमच्या मतें तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे व त्याचाच ऊहापोह येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्नाचा आवांका एका आंकड्यावरून ध्यानांत येईल. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ४२ लक्ष माणसें शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आंत दगावतात. क्षय, हिंवताप व एड्स या तिन्ही रोगांनीं मिळून जितके मृत्यु होतात, त्यांहून ही संख्या मोठी आहे. यांतील प्रत्येक मृत्यु सर्जनच्या हातून झालेल्या चुकीचा नव्हे. मूळ रोगाचाहि त्यांत वांटा असतो. तथापि सुरीचें काम तास-दोन तासांत आटोपतें आणि धोका मात्र पुढें महिनाभर राहतो, एवढें यावरून निश्चित दिसतें.

उपनगरांचा पालट

मुंबई उपनगर जिल्हा १९२० सालीं निराळा काढण्यांत आला, तेव्हां साष्टी बेटाचा बराच भाग भातखाचरें, मिठागरें, वाड्या व गवताचीं राने यांनीं व्यापलेला होता. पवईचें नांव तर शेतीच्या इतिहासांतहि आढळतें. फ्रामजी कावसजी बनाजी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें ऊस, नीळ व तुती यांच्या लागवडीचे प्रयोग केले होते. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्यें, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत सामील झालीं. आतां तेथें नांगर दृष्टीस पडणें विरळा.

जमिनीचें पीक गेलें, परंतु त्या भूमीवर दुसरें एक पीक आलें आहे, तें म्हणजे रुग्णालयांचें. घाटकोपरचें राजावाडी, जुहूचें कूपर, बोरिवलीचें भगवती व मुलुंडचें अगरवाल हीं महानगरपालिकेचीं रुग्णालयें; अंधेरीचें कोकिळाबेन व मुलुंडचें फोर्टिस हीं खासगी. रेल्वेचे दोन मार्ग या उपनगरांतून जात असल्यामुळें त्यांचा उपयोग केवळ शहरवासीयांस होतो असें नाहीं. डहाणू-पालघरकडील मंडळी पश्चिम रेल्वेनें बोरिवली-अंधेरीस उतरतात, तर कसारा-शहापूरकडील मंडळी मध्य रेल्वेनें मुलुंड-घाटकोपरास. तालुक्याच्या गांवीं जें होत नाहीं तें येथें होतें, या भरंवशावर तीं येतात, आणि तो भरंवसा सहसा खोटा ठरत नाहीं.

या रुग्णालयांचा पल्ला कोठवर गेला आहे याचें एक ठळक उदाहरण मुलुंडचें आहे. ३ ऑगस्ट २०१५ रोजीं पुण्याच्या एका दात्याचें हृदय मुंबईस आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयांत एका तरुणाच्या छातींत बसविण्यांत आलें. मुंबईंत हृदयरोपणाचा पहिला प्रयत्न परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें केला होता; तो रोगी कांहीं तासच जगला. हृदय काढून बसविण्याचें कसब तेव्हांहि होतें. मधल्या ४७ वर्षांत जी भर पडली ती मुख्यतः पुढच्या निगेंत होय. परकें इंद्रिय शरीरानें झिडकारूं नये म्हणून द्यावयाचीं औषधें, जंतुसंसर्गावरील पहारा आणि रोग्यावरील अखंड देखरेख, हीं तेव्हां आजच्यासारखीं नव्हतीं. कलम बांधणारा हात पूर्वींहि कुशल होता. कलम जगविण्याची विद्या मागाहून आली. अंतर्गळ, मोतीबिंदु, पित्ताशयांतील खडे, गर्भाशय यांच्या नेहमींच्या ऑपरेशनांनाहि हाच धडा लागू आहे.

शस्त्रगृहांतील परिचारिका

सर्जनचें नांव रोग्यास ठाऊक असतें. परिचारिकेचें बहुधा नसतें. परंतु शस्त्रगृहांतील सुरक्षितता पुष्कळ अंशीं तिच्याच हातीं असते. तिचें काम रोगी टेबलावर येण्यापूर्वींच सुरू होतें. हाच तो रोगी ना, कोणत्या अंगावर व कोणत्या बाजूवर शस्त्रक्रिया व्हावयाची, संमतीच्या कागदावर सही समजून झाली आहे ना, कोणतें औषध त्यास सोसत नाहीं, शेवटचा घांस केव्हां खाल्ला, कवळी व दागिने काढले काय, हें सर्व ती विचारून घेते. रोग्यास हे प्रश्न पुनःपुन्हां विचारले जातात तेव्हां तो कंटाळतो, "मघांशीं सांगितलें ना बाई!" असें म्हणतो. पण ती पुनरुक्ति हेंच त्याचें कवच आहे.

शस्त्रगृहांत दोन परिचारिकांची जोडी असते. एक हात घांसून, निर्जंतुक झगा व हातमोजे घालून सर्जनच्या शेजारीं उभी राहते व हत्यारें हातांत देते. दुसरी निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून लागेल तें पुरविते, नोंद ठेविते आणि कोणाची चुकून कोठें शिवाशिव झाली काय हें पाहते. शस्त्रक्रियेपूर्वीं, जखम शिवण्यापूर्वीं आणि शेवटीं, अशा प्रत्येक टप्प्यावर या दोघी मिळून बोळे, सुया व हत्यारें मोठ्यानें मोजतात. मोजणी जुळली नाहीं तर सर्जनहि पुढें जात नाहीं. कारण पोटांत राहिलेला एक बोळा सगळें यश मातीमोल करूं शकतो. रोग्याचें अंग थंड पडूं नये, एका कुशीवर फार वेळ राहून कातडी दबूं नये, तपासणीसाठीं काढलेल्या तुकड्यावर बरोबर नांव पडावें, हींहि कामें त्यांचींच. पुढें भूल उतरेपर्यंत श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तस्राव, वेदना व लघवी यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी परिचारिका तिसरी.

हा पहारा ढिला पडल्यास काय होतें, याचें उदाहरण उपनगरांतच घडलें आहे. जानेवारी २०१९ मध्यें जोगेश्वरी भागांतील एका महापालिका रुग्णालयांत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत जंतूंचा संसर्ग होऊन कांहीं रोग्यांना एका डोळ्याची दृष्टि गमवावी लागली. मोतीबिंदूचें ऑपरेशन साऱ्या शस्त्रक्रियांत सोपें समजतात. तेंहि स्वच्छतेच्या बाबतींत एक पायरी चुकली तर सोपें राहत नाहीं, हें त्या प्रसंगानें दाखविलें.

उटी गांवच्या नातवाची यादी

अशा चुका टाळण्याचा एक अत्यंत साधा उपाय जगभर पसरला आहे; आणि त्याचा धागा वऱ्हाडांतील एका शेतकरी घराण्यापर्यंत जातो. यवतमाळ जिल्ह्यांत उमरखेड तालुक्यांत उटी म्हणून गांव आहे. तेथील सीताराम गावंडे हे शेतकरी सुमारें ११० वर्षें जगले. त्यांचे चिरंजीव आत्माराम डॉक्टर होऊन अमेरिकेंत ओहायो संस्थानांत स्थायिक झाले. उमरखेड येथें आपल्या मातोश्रींच्या नांवानें महाविद्यालय काढण्यास त्यांनीं साह्य केलें. त्यांचे पुत्र अतुल गावंडे हे बोस्टनचे सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठीं जी १९ कलमांची यादी प्रसिद्ध केली, ती तयार करण्याच्या कामाचें नेतृत्व त्यांच्याकडे होतें.

यादींत गहन असें कांहीं नाहीं. भूल देण्यापूर्वीं, कातडीस सुरी लावण्यापूर्वीं आणि रोगी शस्त्रगृहाबाहेर जाण्यापूर्वीं, असे तीन वेळां सर्वांनीं थांबावयाचें आणि कलमें मोठ्यानें वाचावयाचीं. रोगी कोण, जागा कोणती, जंतुनाशक औषध सुरी लावण्यापूर्वींच्या ६० मिनिटांत दिलें कीं नाहीं, रक्त लागल्यास तें हाताशीं आहे काय, बोळ्यांची मोजणी जुळली काय. दिल्ली, मनिला, अम्मान, लंडन, टोरांटो, सिॲटल, ऑकलंड व टांझानियांतील इफाकारा या आठ ठिकाणच्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर, आणि मोठ्या गुंतागुंतींचें प्रमाण शेंकडा ११ वरून ७ वर आलें. नवें यंत्र नाहीं, नवें औषध नाहीं. फक्त ठरलेलें काम ठरल्या वेळीं झालें कीं नाहीं याची सर्वांसमक्ष खात्री. ही यादी बहुधा परिचारिकाच वाचते. ज्या रुग्णालयांत आपला माणूस दाखल करावयाचा, तेथें ही यादी वापरतात काय, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांत कोणाचा अपमान नाहीं.

रोग्यानें घरीं करावयाची पूर्वतयारी

शस्त्रगृहाची यादी रुग्णालयाची. घरची यादी आपली. तींतील मुख्य कलमें अशीं:

(१) तंबाखू, विडी, मिश्री हीं ऑपरेशनपूर्वीं निदान चार आठवडे बंद करावीं. तंबाखूमुळें जखमेस रक्तपुरवठा कमी पडतो व छातींतील गुंतागुंत वाढते.

(२) मधुमेह व रक्तदाब ताब्यांत आणूनच तारीख घ्यावी. चालू असलेलीं सर्व औषधें, गांवच्या वैद्याचीं पुडकींसुद्धां, पिशवींत घालून डॉक्टरांस दाखवावीं. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास तें न विसरतां सांगावें. स्वतःच्या मनानें मात्र तें बंद करूं नये.

(३) घट्ट अन्न ऑपरेशनच्या सहा तास आधीं बंद असावें. साधें पाणी सामान्यतः दोन तास आधींपर्यंत चालतें. तथापि भूलतज्ज्ञ सांगतील तीच वेळ अखेरची मानावी. आजोबांना भूक लागली म्हणून कोणीं चोरून दिलेला चहा-बिस्किटांचा घोट भुलेंत उलटून श्वासनळींत गेला, तर प्राणावर बेततें.

(४) ऑपरेशनच्या जागेवरील केंस घरीं वस्तऱ्यानें काढूं नयेत. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतु घर करतात. केंस काढणें अवश्यच असेल तर रुग्णालयांत कातरयंत्रानें काढतात.

(५) तारीख ठरवितांना हंगाम पाहावा. अंतर्गळासारखें थांबूं शकणारें ऑपरेशन लावणीच्या किंवा मळणीच्या तोंडावर घेतलें, तर रोगी टांके ओले असतांनाच ओझें उचलतो व केलेलें काम उसवतो. सर्जनला आधींच विचारावें, कीं ओझें किती आठवडे वर्ज्य. आणि तितके आठवडे मोकळे सांपडतील असाच काळ निवडावा. परंतु अंतर्गळ टणक होऊन आंत जाईनासा झाला, दुखूं लागला व उलट्या सुरू झाल्या, तर हंगाम, मुहूर्त, पैका कशाचीहि वाट न पाहतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

(६) खर्चाची सोय आधींच पाहावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या शासननिर्णयानें दर कुटुंबास दरसाल ५ लक्ष रुपयांपर्यंत वाढविण्यांत आली व शिधापत्रिकाधारक कुटुंबें तींत धरण्यांत आलीं. मात्र योजना ठराविक रुग्णालयांत व ठराविक उपचारांनाच लागू होते; म्हणून दाखल होण्यापूर्वीं तेथील आरोग्यमित्रास भेटून आपलें ऑपरेशन तींत बसतें कीं नाहीं हें विचारून घ्यावें.

घरीं परतल्यावर

खरी कसोटी येथून पुढें. रुग्णालयांत पलंगाशेजारीं घंटा असते आणि ती वाजवितांच परिचारिका येते. चवथ्या-पांचव्या दिवशीं सुट्टी मिळून रोगी बोरिवलीहून आगगाडीनें, पुढें एस. टी.नें वा जीपनें पाड्यावर पोंचला, कीं ती घंटा मागें राहते. पट्टी ओली झाली, टांक्याभोंवतीं लाली आली, ताप चढला, तर हें चालावयाचें कीं नाहीं, हें सांगणारें जवळ कोणी नसतें. मग शेजारी जमतात व ज्याची त्याची सूचना निघते. कोणी हळद दाबतो, कोणी राख, कोणी शेण. जखमेवर शेण वा माती लावणें म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण होय, हें आम्ही निक्षून सांगतों.

भातकरी शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जखम पुरी भरेपर्यंत खाचराच्या व गोठ्याच्या पाण्यांत उतरूं नये. उंदीर व गुरें यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप कातडीवरील लहानशा चिरेंतूनहि शरीरांत शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई व उपनगरांत याच तापाची साथ उसळली होती. कोंकणांतील भातकऱ्यांना तर तो ठाऊकच आहे.

रोग्यास अंथरुणाला खिळवून ठेवणें ही शुश्रूषा नव्हे. डॉक्टरांची परवानगी असेल तर दुसऱ्या दिवसापासूनच थोडें थोडें चालवावें. त्यानें पायांतील रक्त गोठत नाहीं व फुप्फुसें मोकळीं राहतात. पुढील चिन्हांपैकीं एकहि दिसलें तर मात्र घरीं बसूं नये: ताप व थंडी, जखमेंतून पू किंवा दुर्गंधि, न थांबणारें रक्त, पोट फुगून उलट्या, लघवी न होणें, एका पोटरीस सूज व वेदना, धाप लागणें किंवा छातींत दुखणें, माणूस असंबद्ध बोलूं लागणें. धाप, रक्तस्राव किंवा शुद्धींत फरक असेल तर फोनवर सल्ला घेत न बसतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दूरवैद्यकाची मदत कोठवर

उरलेल्या प्रसंगीं, जेथें घाई नाहीं परंतु जाणत्याचा सल्ला हवा, तेथें दूरवैद्यक कामास येतें. ही कल्पना आपल्या देशांत आतां नवी राहिली नाहीं. सन २००० मध्यें आंध्र प्रदेशांतील अरगोंडा या खेड्यांत एका खासगी रुग्णालयानें उपग्रहाच्या साह्यानें दूरवैद्यकाचें केंद्र उघडलें. पुढल्याच वर्षीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनेंहि असे प्रयोग हातीं घेतले. तेव्हां तबकडीएवढा अँटेना, स्वतंत्र खोली व तज्ज्ञ चालक लागत. आज तें काम खिशांतील फोनवर होतें. मार्च २०२० मध्यें केंद्र सरकारनें दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले, आणि अशा रीतीनें दिलेला सल्ला कोणत्या मर्यादेंत द्यावा हें ठरलें. नोंदणी झालेल्या डॉक्टरानेंच तो द्यावा, आपला नोंदणी क्रमांक औषधपत्रावर घालावा, मादक वर्गांतील औषधें अशा सल्ल्यावर लिहून देऊं नयेत, आणि प्रत्यक्ष तपासणी अवश्य वाटल्यास रोग्यास तसें स्पष्ट सांगावें, हीं त्यांतील शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगीं कलमें.

सरकारी 'ई-संजीवनी' सेवेचे दोन प्रकार आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्यें सुरू झालेल्या प्रकारांत रोगी आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रांत जातो, तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्यास तपासून दूरच्या डॉक्टरशीं जोडून देतो. १३ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या दुसऱ्या प्रकारांत रोगी घरूनच फोनवर डॉक्टरशीं बोलतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेनें १० कोटि सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आंकडा खचित मोठा आहे. परंतु या दोन प्रकारांत जो फरक आहे, तो आंकड्याहून अधिक बोधप्रद आहे. पहिल्या प्रकारांत रोग्याजवळ एक शिकलेला माणूस आहे. दुसऱ्यांत रोगी एकटा आहे. सर्दी-पडशास किंवा चालू औषधाचें प्रमाण विचारण्यास दुसरा प्रकार पुरेसा होतो. ताज्या जखमेस तो पुरत नाहीं. पोट मऊ आहे कीं ताठ, हें पडद्यावर कळत नाहीं. लाली वाढली कीं तितकीच आहे, हें काल पाहिलेल्यालाच सांगतां येतें.

पवईचेंच एक यंत्र या मुद्द्याची साक्ष देतें. फ्रामजींच्या पवईंत आतां भारतीय प्रौद्योगिकी संस्था उभी आहे. तेथील वैद्यकीय साधनें घडविणाऱ्या केंद्रांतून पुढें आलेल्या मंडळींनीं एक अंकीय स्टेथॉस्कोप तयार केला. २०२० च्या कोविड साथींत तो विशेष प्रकाशांत आला. छातींतील आवाज मोठा व स्वच्छ करून तो बिनतारी मार्गानें पाठवितो, त्यामुळें डॉक्टर अंतरावर राहून ऐकूं शकतो. यंत्र खरोखर उपयुक्त आहे. परंतु त्याची चकती छातीवर नेमकी कोठें टेकावयाची, रोग्यास श्वास केव्हां घ्यावयास सांगावयाचें, हें जाणणारा हात रोग्यापाशींच लागतो. शब्द, चित्र व ध्वनि आतां आकाशमार्गें जातात. हात जात नाहीं. म्हणून दूरवैद्यकानें परिचारिकेची गरज कमी होत नाहीं, उलट वाढते. आतां तिच्या मागें मोठा तज्ज्ञ उभा करतां येतो इतकेंच.

जवळच्या हाताची किंमत

हें आमचें केवळ अनुमान नव्हे. महाराष्ट्रांतील दोन ठिकाणच्या कामानें तें सिद्ध झालेलें आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें काम सुरू केलें. तेथें गांवांतल्याच, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविकेचें शिक्षण दिलें. या कार्याबद्दल १९७९ मध्यें त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरीं निगा राखण्यास शिकविलें. १९९९ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, शेजारच्या तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजात मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६२ नें खालीं आलेलें दिसलें. या दोन्ही ठिकाणीं मोठीं यंत्रें कारणीभूत नव्हतीं. धोक्याचीं चिन्हें ओळखणारी, हात धुऊन काम करणारी व नोंद ठेवणारी एक बाई घरोघर जात होती, हें त्याचें कारण.

खेड्यांतील आरोग्याचा विचार अशाच अंगानें पूर्वींहि झालेला आहे. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं उतारवयांत मुंबई इलाख्यांतील खेड्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न हातीं घेऊन पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार केला होता. पलंगाशेजारची शुश्रूषा आणि गांवच्या विहिरीची स्वच्छता या त्यांस दोन निराळ्या गोष्टी वाटल्या नाहींत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

गांवानें काय करावें

येथवर वाचून कोणी म्हणेल, कीं हें सरकारचें काम आहे. तें खरेंच. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेला असावा, तो हजर असावा, आणि त्याच्याकडे साधनें चालू स्थितींत असावींत, हा हट्ट ग्रामसभेनें धरलाच पाहिजे. परंतु ज्या गांवाला दूध संकलनासाठीं इमारत बांधतां येते व खतांसाठीं गोदाम उभें करतां येतें, त्या गांवाच्या सहकारी सोसायटीस एक स्वच्छ खोली देणें अवघड नाहीं. खोलींत असावें तें इतकेंच: भरपूर उजेड, हात धुण्यास वाहतें पाणी व साबण, रक्तदाब मोजण्याचें यंत्र, तापमापक, रक्तांतील साखर पाहण्याचें यंत्र, बोटास लावून प्राणवायु मोजण्याची चिमटी, निर्जंतुक पट्ट्या, आणि चांगला कॅमेरा असलेला एक फोन. आठवड्यांतून ठरल्या दिवशीं शिकलेल्या परिचारिकेनें तेथें बसावें, व गांवांत ताजें ऑपरेशन झालेला रोगी असेल तर त्याच्या घरींहि जावें. गांवची एखादी मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेऊं इच्छित असेल, तर तिच्या फीचा भार सोसायटीनें उचलावा. सोसायटीचें हें भांडवल कधीं बुडीत जाणार नाहीं.

प्रत्येक रोग्यानें रुग्णालय सोडतांना तीन वस्तू मागून घ्याव्या. पहिली, सुट्टीचा कागद, ज्यावर काय केलें, कोणतीं औषधें दिलीं व टांके केव्हां काढावयाचे हें वाचतां येईल अशा अक्षरांत लिहिलेलें आहे. दुसरी, धोक्याच्या चिन्हांची यादी, मराठींत. तिसरी, अडचण आल्यास बोलावयाचा फोन क्रमांक व वेळ. जखमेचें छायाचित्र पाठवावयाचें झाल्यास तें दिवसाच्या उजेडांत, रोज त्याच अंतरावरून, शेजारीं एक नाणें ठेवून घ्यावें, म्हणजे लाली वाढली कीं घटली हें दूर बसलेल्या डॉक्टरास पडताळतां येईल. छायाचित्राबरोबर त्या दिवसाचा ताप, नाडी व रक्तदाब यांचे आंकडे कळवावे. नुसतें "बरें वाटत नाहीं" एवढ्यावर फार तर दिलासा देतां येतो. आंकड्यांवरून निदानाकडे वळतां येतें.

या रीतीनें चालल्यास फेऱ्या वांचतात, आणि प्रत्येक फेरी म्हणजे दोन माणसांचा बुडालेला रोज व गाडीभाडें असतें. परंतु आम्हांस याहूनहि मोठा लाभ दिसतो तो हा, कीं ज्या फेरीची खरोखर गरज आहे ती वेळेवर होते. घरीं आठ दिवस कण्हत पडून नवव्या दिवशीं पोटांत पू झालेला माणूस उपनगरच्या रुग्णालयांत परत आणावा लागतो, त्याऐवजीं तिसऱ्याच दिवशीं परिचारिकेच्या नजरेस लाली येते, फोनवर सर्जन ती पाहतो, आणि औषध बदलून किंवा एक टांका मोकळा करून काम भागतें. दूरवैद्यकाचें यश किती कोटि सल्ले झाले यावरून मोजण्यापेक्षां, असे किती रोगी वेळेवर ओळखले गेले यावरून मोजावें.

पावसाळ्यापूर्वीं गांवोगांव बी-बियाण्यांची व खतांची सभा भरते. त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेंत एक विषय अधिक घालावा, अशी आमची वाचकांस सूचना आहे: गेल्या वर्षीं गांवांतील किती जणांचीं ऑपरेशनें झालीं, घरीं आल्यावर त्यांना कोणीं पाहिलें, आणि या वर्षीं कोण पाहणार. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुतेक गांवीं एका बैठकींत मिळतील. तिसऱ्याचें उत्तर एका माणसाच्या नांवानिशीं कार्यवृत्तांत लिहिलें जावें, आणि तें लिहिल्यावांचून सभा उठूं नये.